वर्ग खुला असतो, असं मी शिकवत असे

अकरावीच्या समाजशास्त्रात सामाजिक स्तरीकरणाचं प्रकरण आलं की मी फळ्यावर मधोमध रेघ ओढत असे. डावीकडे जात: जन्माने मिळते, बदलता येत नाही, म्हणून बंद व्यवस्था. उजवीकडे वर्ग: कर्तृत्वाने मिळतो, बदलता येतो, म्हणून खुली व्यवस्था. मुलं ते वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत तसंच लिहीत. नोकरीची बरीच वर्षं मी हे शिकवलं, आणि मनापासून मानलंही. उजव्या रकान्याचा पुरावा मी स्वतःच होते. पाचगणीतल्या एका निवासी शाळेच्या मेसमध्ये आचारी असलेल्या माणसाची मुलगी कॉलेजात शिकवू लागली, याहून दुसरं उदाहरण शोधायची मला कधी गरज वाटली नाही.

आता मी हे प्रकरण असं शिकवत नाही. का, ते सविस्तर सांगायला हवं. हे मत माझ्या स्वाभिमानाशी बांधलेलं होतं आणि ते सोडताना मला त्रास झाला आहे.

पाचगणीत वाढलेल्याला विषमता पुस्तकातून शिकावी लागत नाही, ती रस्त्याने चालताना दिसते. दांडेघर, गोडवली, अंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधल्या डोंगरावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जॉन चेसन या इंग्रजाने हे ठाणं वसवलं. पावसाळ्यात महाबळेश्वर राहण्याजोगं उरत नसे, म्हणून बारमाही राहता येईल अशी थंड जागा साहेबलोकांना हवी होती. सिल्व्हर ओक लागले, बंगले उठले, मग शाळा आल्या. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट 1895 ची, बिलिमोरिया 1908 ची, संजीवन 1922 ची, न्यू ईरा 1945 ची. डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांचं बेल एअर हे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम उभं राहिलं. 1950 च्या दशकात समुद्र ओलांडून झांजीबारहून फारुख बलसारा नावाचा मुलगा सेंट पीटर्समध्ये शिकायला आला. जग त्याला पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं. या सगळ्यांचा स्वयंपाक करायला, कपडे धुवायला, बागा राखायला भोवतालच्या गावांतली माणसं डोंगर चढून वर आली. आमचं दांडेघरचं घर त्यातलंच.

लहानपणी माझा हिशेब सोपा होता. त्या मुलांकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही. शिकलो की पैसा येईल, पैसा आला की फरक मिटेल. पुढे समाजशास्त्र शिकले तेव्हा हाच हिशेब मला मार्क्समध्ये सापडल्यासारखा वाटला. ज्याच्या हाती उत्पादनाची साधनं तो एक वर्ग, ज्याला आपले श्रम विकावे लागतात तो दुसरा. मेसमधली, धोबीखान्यातली, बागेतली सगळी माणसं दुसऱ्या वर्गातली. मार्क्सच्या म्हणण्याप्रमाणे एकाच परिस्थितीत राबणाऱ्यांना कधी ना कधी आपलं हित एक असल्याची जाणीव होते आणि मगच तो वर्ग खऱ्या अर्थाने वर्ग बनतो.

आमच्या मेसमध्ये ती जाणीव कधी झाली नाही. माझे वडील, अण्णा, आचारी, त्यांच्या खाली पोळ्या लाटणाऱ्या बायका, त्यांच्या खाली भांडी घासणारे, आणि सगळ्यांत खाली संडास-मोऱ्या साफ करणारे. पगारात फार मोठा फरक नव्हता. तरी सफाईवाल्यांचा चहाचा कप वेगळा होता आणि तो खिडकीत पालथा ठेवलेला असे. एकदा पगारवाढीसाठी सगळ्यांनी मिळून ऑफिसात जायचं ठरत होतं. अण्णांनी नकार दिला. "त्यास्नी बरोबर घिऊन मी सायबापुढं हुबा ऱ्हाऊ?" हे त्यांचं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. अण्णा मायाळू होते. उरलेलं अन्न ते कुणाच्याही पोराला हाक मारून वाढत. पण कप खिडकीतच राहिला आणि पगारवाढीचा अर्ज कुणीच दिला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं आहे. वर एक आणि खाली सगळे, अशी सरळ विषमता असती तर खालचे एकत्र आले असते. इथे प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतं आणि आपल्या खालच्याला खाली ठेवण्यात प्रत्येकाला थोडं समाधान मिळतं. जातीने कामं वाटली जातात एवढंच नाही, काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडली जातात, असं त्यांनी 1936 च्या 'जातीचे निर्मूलन' या लिखाणात मांडलं. मी ते पुस्तक एम. ए.ला वाचलं, त्यावर उत्तरं लिहिली, गुणही मिळवले. मेसच्या खिडकीतला कप मात्र मी त्याच्याशी जोडला नाही. आंबेडकर माझ्या फळ्यावरच्या डाव्या रकान्यात होते आणि अण्णांची मेस उजव्या.

हे दोन रकाने एकमेकांत किती मिसळलेले आहेत, ते आमच्याच जिल्ह्यातल्या एका प्रसंगातून मी आता शिकवते. 1901 साल. बाबासाहेब तेव्हा साताऱ्यात शाळेत होते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचं नाव तिथल्या सरकारी शाळेत दाखल झालं होतं. वडील परगावी रोखपालाच्या नोकरीवर होते. सुट्टीत त्यांच्याकडे जायला बाबासाहेब आणि घरातली इतर मुलं आगगाडीने मसूरला उतरली. अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. स्टेशनमास्तरांना ती वरच्या जातीची वाटली. जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. दुप्पट भाडं देऊ केलं तरीही नाही. शेवटी एक जण कबूल झाला तो या अटीवर, की गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने पायी चालेल. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

गाडीवान गरीब होता. रोखपालाच्या मुलांच्या खिशात त्याला हवे असलेले पैसे होते. बाजाराच्या नियमाने व्यवहार तिथेच व्हायला हवा होता. वर्ग, दर्जा आणि सत्ता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या नेहमी एकत्र चालत नाहीत, असं जर्मनीत माक्स वेबर सांगत होता. त्याचं मोठं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1922 च्या सुमारास पूर्ण प्रसिद्ध झालं. मसूरच्या स्टेशनाबाहेर ते सगळं आधीच घडून गेलं होतं. वेबरची तिसरी गोष्ट, सत्ता, साताऱ्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. सोसायटी, साखर कारखाना, जिल्हा बँक आणि पंचायत यांच्या खुर्च्यांवर कुठली आडनावं पुन्हा पुन्हा बसतात, हे मुलं मला सांगतात.

हे सगळं वाचून, शिकवूनही माझ्या स्वतःच्या गोष्टीला मी हात लावला नव्हता. ती मी वर्गात अभिमानाने सांगत असे. मेसच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत अभ्यास, वाईला कॉलेज, सकाळी शिकवण्या, मग एम. ए., मग नोकरी. यातला एकही शब्द खोटा नाही आणि त्या कष्टांबद्दल आजही मला अभिमान आहे.

सफाई करणाऱ्या एका काकांची मुलगी माझ्या बरोबरीची होती. तिचं नाव लिहीत नाही, ती अजून इथेच राहते. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी नम्रतेने म्हणत नाही, आमच्या गुरुजींनीच अण्णांना तसं सांगितलं होतं. तिची शाळा मॅट्रिकच्या आधी सुटली आणि ती धोबीखान्यात कामाला लागली. पुष्कळ वर्षांनी बाजारात भेट झाली तेव्हा बोलता बोलता मी म्हणाले, "आपण दोघी एकाच मेसच्या ना!" तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, एखादी साधी गोष्ट लक्षात आणून द्यावी तसं म्हणाली, "एका मेसच्या, व्हय. पण तुमच्या घरला सातबारा व्हता."

घरी येऊन मी माझ्या गोष्टीचा हिशेब पुन्हा मांडला. दांडेघरला आमची वडिलोपार्जित थोडी जिरायत जमीन होती. तिच्यात फार पिकत नसे, पण उताऱ्यावर अण्णांचं नाव होतं म्हणून विकास सोसायटीने कर्ज दिलं, आणि त्या कर्जातून माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा खर्च निघाला. वाईला गंगापुरीत आत्याचं घर होतं, तिथे मी राहिले. मामा तलाठी कार्यालयात होते, ई.बी.सी.च्या सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो हे त्यांना माहीत होतं आणि तो त्यांनी दोन दिवसांत आणून दिला. आजोबा श्रावणात पोथी वाचत, म्हणून अक्षर घरात परकं नव्हतं. आत्याच्या वाड्यात कुणी मला जात विचारली नाही, कारण आडनावावरूनच ती सगळ्यांना ठाऊक होती. यातलं काहीही मी कमावलेलं नव्हतं. हे सारं जातीने आणि जमिनीने माझ्या हातात आधीच ठेवलं होतं, आणि इतकं सहज, की कुणी काही देतंय असं मला कधी जाणवलंच नाही.

तिच्याकडे यातलं काय होतं? जमीन नाही, म्हणून कर्ज नाही. वाईला नातेवाईक होते, पण त्यांच्याच खोलीत माणसं मावत नव्हती. तिच्या समाजाच्या मुलांसाठी सरकारची शिष्यवृत्ती होती, हे खरं. ती मॅट्रिकनंतर मिळायची, आणि मॅट्रिकपर्यंत पोचवणारं कुणी नव्हतं.

या हिशेबानंतर मी पियर बुर्द्यू पुन्हा काढून वाचला. आधी तो मला अवघड आणि थोडा परका वाटला होता. या वेळी त्याचं चरित्रही वाचलं. जन्म 1930, दक्षिण फ्रान्सच्या एका खेड्यातला. वडील शेतकरी घरातले, पुढे टपाल खात्यात. पो शहरातल्या शाळेत तो वसतिगृहात राहून शिकला. बोर्डिंगात खेड्यातल्या मुलाच्या उच्चारांना काय ऐकावं लागतं, ते त्याने भोगलेलं होतं. पैसा हे भांडवलाचं एकच रूप आहे, असं तो सांगतो. ओळखीपाळखी हेही भांडवल, आणि बोलण्याची ढब, पुस्तकांची सवय, काय बोलावं आणि कुठे गप्प बसावं याची जाण हेही भांडवल. ही रूपं एकमेकांत बदलून घेता येतात. शाळा ज्या गोष्टीची परीक्षा घेते ती शाळा बहुतेक वेळा शिकवत नाही. घरून आणलेल्या मुलाला ती हुशार म्हणते आणि न आणलेल्याला कमी पडलेला म्हणते. दोघांनाही ते पटतं, हे सगळ्यांत वाईट.

मला ते पटलं होतं. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला आमची मुलं विषय चांगला तयार करून येत आणि खुर्चीच्या कडेला बसत. बोर्डिंगची मुलं प्रमुख पाहुण्यांशी आपल्या काकांशी बोलावं तशी बोलत. मी याला आत्मविश्वास म्हणत असे आणि आमच्या मुलांना व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं लावत असे. ज्या मुलाचं बोलणं पाच वर्षांचा असल्यापासून मोठ्यांनी लक्ष देऊन ऐकलं आहे, ते मूल तसंच बोलणार. आठवड्याच्या शिबिरात मी ते भरून काढायला निघाले होते, आणि भरून निघालं नाही की आपल्याच मुलांना त्याबद्दल बोलत होते.

कुणी म्हणेल, आता काळ बदलला, पैसा गावांत आला. आला, आणि त्याचा मला आनंद आहे. देशातल्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात पिकतो, 2010 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, खिंगर-भिलारकडच्या घरांवर स्लॅब पडले. पण ज्याच्याकडे जमीन होती त्याच्याकडेच ती स्ट्रॉबेरी आली. गादीवाफ्यांवर वाकून फळ तोडणाऱ्या बाईची रोजंदारी वाढली, जमीन आली नाही. ज्यांनी चांगल्या भावाला डोंगरावरचा तुकडा मुंबई-पुण्याच्या माणसाला विकला, त्यांतले काही आज त्याच तुकड्यावरच्या बंगल्याची राखण करतात. टिकले ते, ज्यांनी पिकाचा पैसा मुलांच्या शिक्षणात घातला. म्हणजे एका भांडवलाचं दुसरं करून घेतलं. आणि बदलून घ्यायला आधी हातात काहीतरी असावं लागतं.

मग वर्ग बंद असतो, असं शिकवायचं का? तेही खरं नाही, कारण दार उघडलेलं मी पाहिलं आहे. फक्त ते आपोआप उघडत नाही, उघडायला कुणीतरी जोर लावावा लागतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखीव ठेवल्या आणि जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली. त्या कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकलेले कर्मवीर भाऊराव पाटील पुढे साताऱ्याचे झाले. 4 ऑक्टोबर 1919 रोजी काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करत, एका पंगतीला बसत, काम करून शिकत. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिलं.

पाचगणीत बोर्डिंग आणि साताऱ्यात बोर्डिंग. एकाच जिल्ह्यात, घाटाच्या वर आणि खाली. लहानपणापासून मी दोन्ही पाहिली आणि दोन्हींकडे नुसत्या शाळा म्हणूनच पाहिलं. आज मला वाटतं, वर्ग कसा घडतो हे कर्मवीरांना बुर्द्यूच्या कितीतरी आधी कळलं होतं. त्यांनी फी माफीवर थांबायचं नाकारलं. मुलाला राहायला जागा दिली, सोबत दिली, जेवण दिलं, वडीलधाऱ्याचा हात दिला. श्रीमंत घरातून जे न सांगता मिळतं, तेच त्यांनी गरीब मुलांसाठी उभं केलं. आमच्या मेसमधला खिडकीतला कप त्यांच्या पंगतीत राहू शकला नसता. धोबीखान्यात गेलेल्या माझ्या मैत्रिणीला शिष्यवृत्तीच्या आधी अशा एका खोलीची गरज होती.

यामुळे माझं आणखी एक मत बदललं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवल्या, तेव्हा मी स्टाफरूममध्ये त्याविरुद्ध बोलत असे. गरिबाचं पोर तिथे बुजेल, त्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळा सुधारा, असं माझं म्हणणं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळा सुधारल्याच पाहिजेत, यात आजही बदल नाही. पण मूल बुजेल ही काळजी करताना, श्रीमंताचं मूल आयुष्यभर गरिबाच्या शेजारी न बसता मोठं होतं याची काळजी मी केली नव्हती. कोठारी आयोगाने 1966 मध्येच समान शाळेची शिफारस केली होती, ती आपण गुंडाळून ठेवली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या पंचवीस टक्क्यांतून बाहेर ठेवल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. तो निकाल वाचताना मला मनापासून बरं वाटलं. काही वर्षांपूर्वी मी सरकारच्या बाजूने बोलले असते.

वर्गात आता आम्ही व्याख्येपासून सुरुवात करत नाही. आजीपासून स्वतःपर्यंत तीन पिढ्यांचं शिक्षण, जमीन, काम, आणि अडचणीला फोन करता येईल अशी माणसं, एवढं मुलं वहीत लिहितात. आधी घरी विचारून येतात, मग मार्क्स, वेबर आणि आंबेडकर उघडतो. ज्या मुलाच्या रकान्यात जमीन नाही आणि फोन करायला माणूस नाही, त्याला आपण कमी पडलो नाही हे त्या तासाला कळतं. ज्याच्याकडे दोन्ही आहे, त्याला आपल्या यशाचा हिशेब पूर्ण करता येतो. सातारा-सांगलीच्या समाजशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, हा एक तास घेऊन पाहा.

पाचगणीच्या शाळांच्या विश्वस्तांना आणि देशोदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनाही सांगणं आहे. तुमच्या पोळ्या, तुमचे इस्त्रीचे गणवेश, तुमचे स्वच्छ मजले ज्यांच्या हातचे आहेत, त्यांच्या मुलांसाठी तुमच्याच वर्गांत दिवसा येऊन शिकण्याच्या जागा राखून ठेवा. जिथे सवलत आधीच दिली जाते तिथे ती कुणाच्या मर्जीवर राहू देऊ नका. नियमात लिहा, आणि आचाऱ्याच्या मुलाइतकीच सफाई करणाऱ्याच्या मुलीला ती लागू करा. आणि सरकारला, रयतसारख्या संस्थांना एवढंच मागणं: वाई आणि साताऱ्यात डोंगरावरच्या मुलींसाठी वसतिगृहांच्या जागा वाढवा, मॅट्रिकनंतर नव्हे, पाचवीपासून.